जपानमध्ये स्वतःच्या भरवशावर फिरताना: आधी स्टेशन समजून घ्या

पुढे झेंडा घेऊन चालणारा टूर मॅनेजर नसताना जपानमध्ये फिरणं जमेल का, असं मला बरेच जण विचारतात. विशेषतः आई-वडिलांना घेऊन जाणारे. माझं उत्तर ठाम आहे: जमेल, आणि छान जमेल. भाषेची धास्ती मनातून काढून टाका. तिथे स्टेशनांना नंबर आहेत, मार्गांना रंग आहेत, पाट्यांवर इंग्रजी आहे आणि गाडी ठरल्या मिनिटाला येते. नवख्या माणसाची दमछाक गाडीत होत नाही, स्टेशनात होते. कुठल्या दाराने बाहेर पडायचं, बॅगांचं काय करायचं, कुठल्या कंपनीचं तिकीट कुठे चालतं, एवढं घरी बसून समजून घेतलंत तर तिथे गेल्यावर डोकं शांत राहतं.

निघण्याआधी

हॉटेल निवडताना खोलीच्या फोटोंपेक्षा नकाशा जास्त वेळ पाहा. स्टेशनपासून पायी पाच-सात मिनिटांवरचं लहानसं हॉटेल हे पंधरा मिनिटांवरच्या ऐसपैस हॉटेलपेक्षा केव्हाही बरं, कारण दिवसभर पायपीट करून परत येताना शेवटचा तो टप्पाच जड जातो. शक्यतो हॉटेल अशा मार्गावर घ्या की जिथून तुमच्या बहुतेक ठिकाणांना एकही गाडी न बदलता किंवा एकदाच बदलून जाता येईल. टोकियोत यामानोते नावाची गोल फिरणारी लाइन आहे. ३० स्टेशनं, पूर्ण फेरीला साधारण एक तास. पहिल्या खेपेला तिच्याजवळ राहिलं की शहराचा आकार लवकर डोक्यात बसतो.

मोबाइलवर इंटरनेट हवंच. ई-सिम इथूनच घेऊन ठेवा, म्हणजे विमानातून उतरताच नकाशा सुरू होतो. चार्जरसाठी दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर लागतो. तिथली वीज १०० व्होल्टची आहे, मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरला ती चालते. इमिग्रेशन आणि कस्टम्सची माहिती 'व्हिजिट जपान वेब' या सरकारी संकेतस्थळावर आधीच भरून क्यूआर कोड तयार ठेवता येतो. तो जरूर ठेवा.

आणखी एक. कोणाला भेट म्हणून हापूसची पेटी नेण्याचा विचार असेल तर सोडून द्या. ताजी फळं, भाज्या आणि मांसाचे पदार्थ जपानमध्ये असे सहज नेता येत नाहीत. सर्दीच्या काही गोळ्यांनाही तिथे बंदी किंवा मर्यादा आहे, विशेषतः स्यूडोएफेड्रिन किंवा कोडीन असलेल्यांना. रोजची औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या.

विमानतळावरचा पहिला तास

टोकियोला दोन विमानतळ आहेत. हानेदा शहरातच आहे, नारिता शहराच्या मध्यापासून साठेक किलोमीटरवर. तिकिटात दोनशे-चारशे रुपयांचा फरक असेल तर डोळे मिटून हानेदा घ्या. नारिताहून शहरात यायला दोन मुख्य गाड्या आहेत: नारिता एक्स्प्रेस टोकियो स्टेशनला तासाभरात नेते, आणि केइसेई स्कायलायनर निप्पोरी आणि उएनोला त्याहून लवकर पोचवते. दोन्ही वेगळ्या कंपन्यांच्या आहेत. तुमचं हॉटेल कुठल्या बाजूला आहे ते पाहून ठरवा. 'कोणती चांगली' असा प्रश्नच नाही.

विमानतळ सोडण्यापूर्वी दोन कामं उरका. एक, एटीएममधून थोडे येन काढा. सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या सेव्हन बँकेच्या मशीनमध्ये परदेशी कार्ड चालतात आणि ही दुकानं पुढे गावोगाव भेटतात. १०० येन म्हणजे साधारण ५५-६० रुपये धरा. दोन, प्रवासाचं कार्ड घ्या.

सुईका, पास्मो, इकोका

टोकियोकडे सुईका आणि पास्मो, ओसाका-क्योतोकडे इकोका. नावं वेगळी असली तरी मोठ्या शहरांत कुठलंही एक कार्ड लोकल, मेट्रो, बस, स्टेशनवरची दुकानं, लॉकर, अशा सगळ्या ठिकाणी चालतं. आत जाताना टेकवायचं, बाहेर पडताना टेकवायचं, अंतराप्रमाणे पैसे आपोआप कापले जातात. आयफोन असेल तर सुईका फोनमध्येच घेता येतं. भारतात घेतलेल्या बहुतेक अँड्रॉइड फोनांत त्यासाठीची चिप नसते, म्हणून त्यांनी प्लॅस्टिकचं कार्डच घ्यावं. पर्यटकांसाठीच्या 'वेलकम सुईका' कार्डाला अनामत रक्कम नसते, मात्र ते २८ दिवसच चालतं. साध्या कार्डाला ५०० येन अनामत पडते.

प्रत्येक माणसाला वेगळं कार्ड हवं. एकाच कार्डावर दोघांना आत जाता येत नाही. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धं भाडं असतं. त्यांचं कार्ड खिडकीवर पासपोर्ट दाखवून घ्यावं लागतं, मशीनवर मिळेलच असं नाही. सहा वर्षांखालची मुलं आई-वडिलांबरोबर फुकट जातात.

मशीनमध्ये पैसे भरताना सहसा रोखच लागते, म्हणून हजार येनच्या नोटा जवळ ठेवा. एखाद्या दिवशी शिल्लक कमी पडली तर बाहेर पडताना गेटवर लाल दिवा लागतो आणि दोन फळ्या पटकन आडव्या येतात. मागे रांग असते, म्हणून नवखा माणूस घाबरतो. घाबरू नका. बाजूला व्हा, गेटच्या आतल्या बाजूलाच भिंतीशी भाड्याचा फरक भरायचं मशीन असतं. कार्ड घाला, इंग्रजीचं बटण दाबा, नोट घाला, कार्ड घ्या, पुन्हा गेटवर टेकवा. दंड नाही, कोणी रागावणारही नाही. कागदी तिकीट कमी पडल्याचं काढलं असेल तरी हेच मशीन. म्हणूनच तक्त्यावरचं भाडं वाचता येत नसेल तर सर्वांत कमी किमतीचं तिकीट काढून चढायचं आणि उतरल्यावर फरक भरायचा, हेही रीतसर चालतं.

कार्डाला एक मर्यादा आहे, ती लक्षात असू द्या. टोकियोच्या भागात आत शिरून त्याच कार्डावर क्योतोला बाहेर पडता येत नाही. लांबच्या प्रवासाला वेगळं तिकीट.

कंपन्यांचं जाळं

जपानमधली रेल्वे एकाच मालकीची नाही. पूर्वीच्या सरकारी रेल्वेचे १९८७ साली भाग पाडले, त्यातून जेआरच्या (जपान रेल्वेज) कंपन्या निघाल्या. त्याखेरीज केइसेई, ओदाक्यू, हानक्यू, नान्काई, किन्तेत्सू अशा कितीतरी खासगी कंपन्या आहेत. टोकियोत तर भुयारी रेल्वेच दोन आहेत, टोकियो मेट्रो आणि तोएई. एका कंपनीतून दुसरीत गेलं की भाडं नव्याने मोजलं जातं. कार्ड असल्यावर हे जाणवत नाही, पण पास घेताना हाच मुद्दा नडतो. पर्यटकांना मिळणारं २४, ४८ किंवा ७२ तासांचं टोकियो सबवे तिकीट मेट्रो आणि तोएई दोन्हींवर चालतं, पण यामानोते लाइनवर चालत नाही, कारण ती जेआरची. हे तिकीट मात्र फार उपयोगी आहे. तास मोजले जातात, तारीख नाही. दुपारी दोनला सुरू केलंत तर दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत चालतं.

भुयारी रेल्वेत स्टेशनाचं नाव पाठ करायच्या फंदात पडू नका. गिंझा लाइन नारिंगी रंगाची आणि 'जी' अक्षराची, त्यावरचं गिंझा स्टेशन म्हणजे जी ०९. तुम्ही जी ०९ वर आहात आणि जी १९ ला जायचंय, तर आकडे वाढत जाणारी दिशा धरायची. झालं.

स्लो आणि फास्ट

मुंबईत राहिलेल्या माणसाला हा भाग निम्मा आधीच येतो. दादर फास्टला थांबतं, माटुंगा थांबत नाही, तसंच तिथे. लोकल सगळीकडे थांबते, रॅपिड काही स्टेशनं सोडते, एक्स्प्रेस आणखी सोडते. क्योतोचं उदाहरण घ्या. फुशिमी इनारीचं ते हजारो तांबड्या कमानींचं मंदिर बघायला क्योतो स्टेशनहून जेआर नारा लाइनने जायचं. इनारी हे क्योतोनंतरचं दुसऱ्या क्रमांकाचं स्टेशन, पाच मिनिटांचा प्रवास, उतरलं की समोर मंदिराचं दार. पण त्याच फलाटांवरून मियाकोजी रॅपिडही सुटते आणि ती इनारीला थांबत नाही. घाईने दिसेल त्या गाडीत चढलेला पर्यटक पुढे निघून जातो आणि उलट फिरून येतो. म्हणून चढण्याआधी फलाटावरच्या फलकावर गाडीचा प्रकार वाचायची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या.

'लिमिटेड एक्स्प्रेस' असं लिहिलेलं दिसलं तर जरा थांबा. जेआरच्या लिमिटेड एक्स्प्रेसला भाड्याशिवाय वेगळं तिकीट लागतं. हानक्यूच्या ओसाका-क्योतो लिमिटेड एक्स्प्रेसला मात्र साधं भाडं पुरतं. किन्तेत्सूला पुन्हा वेगळं तिकीट. गुगल मॅप्सवर दाखवलेलं भाडं नेहमीपेक्षा बरंच जास्त वाटलं तर कारण बहुधा हेच असतं.

ओसाका-क्योतोसाठी जेआरची स्पेशल रॅपिड उत्तम. अर्ध्या तासात पोचवते, जादा तिकीट नाही. एवढ्याशा अंतराला बुलेट ट्रेन घेण्यात पैसा जातो आणि वेळही फारसा वाचत नाही, कारण ती ओसाका स्टेशनवर येतच नाही. ती येते शिन-ओसाकाला. 'शिन' लागलेली स्टेशनं, म्हणजे शिन-ओसाका, शिन-योकोहामा, शिन-कोबे, ही जुन्या मुख्य स्टेशनापासून वेगळ्या जागी असतात. हॉटेल शोधताना हा घोळ फार जणांचा होतो.

दारं

टोकियोतलं शिंजुकू हे जगातलं सर्वांत गजबजलेलं स्टेशन मानलं जातं. त्याला दोनशेहून जास्त बाहेर पडण्याचे रस्ते आहेत. तिथे 'आधी बाहेर पडू, मग बघू' हे धोरण घातक आहे. चुकीच्या बाजूला निघालात तर समोर दिसणाऱ्या इमारतीपर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटांचा वळसा पडू शकतो. २०२० पासून पूर्व आणि पश्चिम बाजू जोडणारा मोकळा मार्ग झाल्याने त्रास कमी झालाय, तरी नियम तोच: गाडीत बसल्या बसल्या आपलं दार ठरवायचं.

गुगल मॅप्समध्ये मार्ग उघडला की खाली दाराचा क्रमांक येतो. 'ए ५', 'साउथ एक्झिट', 'बी १०', असा काहीतरी. तो कागदावर किंवा हातावर लिहून घ्या. फलाटावर उतरल्यावर नकाशाकडे न बघता वर लटकणाऱ्या पिवळ्या पाट्यांवर तेवढंच शोधत चालायचं. जमिनीखाली मोबाइलचा निळा ठिपका भलतीकडे दाखवतो, पाटी तसं करत नाही. त्याच नकाशात कितव्या डब्यात बसावं हेही बऱ्याचदा दिलेलं असतं, म्हणजे उतरताच जिना समोर येतो.

सोबत गुडघे दुखणारं कोणी असेल तर लिफ्ट असलेलं दार शोधा. मोठ्या स्टेशनांत लिफ्ट असते, पण प्रत्येक दाराशी नसते. पाटीवर व्हीलचेअरचं चिन्ह पाहायचं. लांब पडलं तरी त्याच दाराने जा आणि बाहेरून रस्त्याने चाला. सपाट रस्त्यावरची दहा मिनिटं तीन जिन्यांपेक्षा सोपी.

शिनकान्सेन

१ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो-ओसाका मार्गावर पहिली शिनकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन धावली. ५१५ किलोमीटरचा हा मार्ग आज सर्वांत वेगवान नोझोमी गाडी साधारण अडीच तासांत कापते. आपली मुंबई-अहमदाबाद लाइन ५०८ किलोमीटरची आणि तीही याच तंत्रावर बेतलेली, म्हणून आपल्या लोकांना या गाडीचं जास्तच कुतूहल असतं.

या मार्गावर तीन प्रकार आहेत. नोझोमी मोजक्याच स्टेशनांवर थांबते, हिकारी थोड्या जास्त, कोदामा सगळीकडे. क्योतोला जायचं तर नोझोमी. राखीव जागेचं एका वेळचं तिकीट चौदा हजार येनच्या आसपास आहे. ते स्टेशनवरच्या मशीनवर इंग्रजीतून किंवा 'स्मार्ट ईएक्स' अ‍ॅपवर काढता येतं. एरवी विनाआरक्षण डबेही असतात, पण नववर्ष, एप्रिलअखेरचा गोल्डन वीक आणि ऑगस्टमधला ओबोन या सुट्ट्यांच्या दिवसांत नोझोमीचे सगळे डबे राखीव असतात.

मशीनमधून बऱ्याचदा दोन कागद निघतात: एक मूळ भाड्याचा, एक वेगवान गाडीचा. गेटवर दोन्ही एकावर एक ठेवून एकदमच घालायचे. पलीकडे दोन्ही परत येतात, दोन्ही उचलायचे. घाईत एकच उचलून पुढे जाणारे पुष्कळ. टोकियो स्टेशनात आणखी सांभाळायचं ते असं की क्योतोकडच्या गाड्या आणि उत्तरेकडच्या गाड्या यांची गेटं वेगळी आहेत. क्योतोसाठी 'तोकाइदो शिनकान्सेन' लिहिलेलं, निळ्या रंगाचं गेट. गाडी वाटेतल्या स्टेशनवर एक-दोन मिनिटंच थांबते, म्हणून उतरायच्या पाच मिनिटं आधी बॅगा काढून दाराशी उभे राहा.

फुजी बघायचा असेल तर टोकियोहून जाताना उजव्या खिडकीची 'ई' जागा मागा आणि गाडी सुटल्यावर चाळिसाव्या मिनिटापासून खिडकीकडे लक्ष ठेवा. ढग नसतील तर पर्वत अख्खा दिसतो आणि डब्यातले रोजचे प्रवासीसुद्धा क्षणभर मान वळवतात.

आता जेआर पासबद्दल, म्हणजे ठरावीक दिवस जेआरच्या गाड्यांतून फिरू देणाऱ्या पासबद्दल. इंटरनेटवरच्या जुन्या सल्ल्यांत तो डोळे झाकून घ्या असं लिहिलेलं असतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येनवर गेला. टोकियो-क्योतो जाऊन येणं अठ्ठावीस हजारांच्या घरात होतं, म्हणजे नेहमीच्या टोकियो-क्योतो-ओसाका सहलीत पास सरळसरळ तोट्याचा आहे. त्यावर नोझोमीत बसायचं तर वर जादा पैसे द्यावे लागतात. आठवड्यात हिरोशिमा आणि उत्तरेकडचं सेंदाई असं दोन्ही टोकांना जाणार असाल तरच हिशोब मांडून बघा. नाहीतर सुटी तिकिटं, किंवा कान्साईसारखा (ओसाका-क्योतोचा भाग) एखादा प्रादेशिक पास.

बॅगा

माझा आग्रहाचा सल्ला: मोठी बॅग घेऊन शिनकान्सेनमध्ये चढूच नका. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली की खास जागेचं आरक्षण लागतं. ते तिकिटाबरोबर फुकट मिळतं, पण न करता चढलात तर १,००० येन भरावे लागतात. त्यापेक्षा ताक्क्यूबिन वापरा. ही घरपोच सामान पाठवायची सेवा आहे; यामातो कंपनीचं पिल्लाला तोंडात धरलेल्या काळ्या मांजरीचं चिन्ह सगळीकडे दिसतं. टोकियोतल्या हॉटेलच्या काउंटरवर सकाळी बॅग द्या, पुढच्या हॉटेलचं नाव, पत्ता आणि पोचण्याची तारीख सांगा. साधारण दुसऱ्या दिवशी बॅग क्योतोच्या हॉटेलात हजर. एका बॅगेला दोन-तीन हजार येन पडतात. एका रात्रीचे कपडे आणि औषधं पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवायची. वयस्कर माणसं सोबत असतील तर या खर्चाइतका सार्थकी लागणारा दुसरा खर्च नाही.

बस

बसचं दार शहरागणिक बदलतं. टोकियोत पुढच्या दाराने चढायचं आणि चढतानाच पैसे. क्योतोच्या शहर बसमध्ये मागून चढायचं, पुढून उतरायचं आणि उतरताना पैसे. सध्या सरसकट २३० येन. ड्रायव्हरजवळच्या मशीनमधून सुटे करून मिळतात, पण उरलेले परत मिळत नाहीत. आधी सुटे करा, मग मोजून टाका.

गावाकडच्या बसमध्ये चढताना दाराशी छोट्या मशीनमधून आकडा छापलेली चिठ्ठी येते. ती घ्यायचीच. पुढे ड्रायव्हरच्या डोक्यावर फलक असतो. त्यात प्रत्येक आकड्याखाली भाडं लिहिलेलं असतं आणि बस पुढे जाईल तसं ते वाढत जातं. तुमची चिठ्ठी ७ ची असेल तर उतरताना ७ खाली जे दिसेल ते भाडं, चिठ्ठीसकट पेटीत टाकायचं.

जेवण, आणि कोयासान

शाकाहारी माणसाची खरी अडचण मांस नाही, सुक्या माशाचं पाणी आहे. दाशी नावाचा हा अर्क सूपमध्ये, सॉसमध्ये, भाजीतही असतो. 'मांस, मासे आणि दाशी चालत नाही' हे जपानीत लिहून फोनमध्ये ठेवा आणि दाखवा. मोठ्या शहरांत भारतीय हॉटेलं सहज मिळतात. टोकियोतल्या निशी-कासाई भागात तर भारतीयांची मोठी वस्ती आहे. पुण्यात वाढलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये हा भाग ज्यात येतो त्या एदोगावा विभागाच्या सभेवर निवडून आले होते.

पण जपानी शाकाहारी जेवण जेवायचं असेल तर ओसाकाहून कोयासानला जा. शिंगोन बौद्ध पंथाचं हे डोंगरावरचं गाव कुकाई या भिक्षूंनी नवव्या शतकात वसवलं. मठांत राहायची सोय आहे आणि जेवणात मांस-मासे नाहीतच, परंपरेने कांदा-लसूणही नाही. इथल्या कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. ओसाकातल्या नाम्बाहून नान्काई रेल्वेने गोकुराकुबाशी, तिथून केबल कार, आणि वरून बस. केबल कारच्या स्टेशनापासून गावाकडचा रस्ता पायी चालायला बंद आहे, म्हणून बस घ्यावीच लागते. जेआर पास इथे चालत नाही. मठात रात्रीचं जेवण संध्याकाळी साडेपाच-सहाला वाढतात, तेव्हा पाचच्या आत पोचा.

उशीर झाला, काही हरवलं

शहरातल्या गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास थांबतात आणि पहाटे पाचच्या आसपास सुरू होतात. शेवटची गाडी चुकली तर टॅक्सी. मागचं दार आपोआप उघडतं आणि मिटतं, त्याला हात लावू नका. टिप देत नाहीत. गाडीत फोनवर बोलत नाहीत, आणि सकाळच्या गर्दीत काही डबे फक्त बायकांसाठी असतात. फलाटावर गुलाबी खुणा असतात, पुरुषांनी त्या पाहून उभं राहावं. कचऱ्याचे डबे रस्त्यात जवळपास नसतातच, सॅकमध्ये एक पिशवी ठेवा.

पासपोर्ट सतत जवळ बाळगणं परदेशी पर्यटकाला कायद्याने बंधनकारक आहे. वस्तू गाडीत राहिली तर उतरलात त्याच स्टेशनच्या कर्मचाऱ्याला गाडीची वेळ, दिशा आणि शक्य असेल तर डबा सांगा. ते पुढच्या स्टेशनांना फोन लावतात आणि वस्तू बहुतेक वेळा सापडते. रस्त्यात काही हरवलं किंवा वाट चुकली तर कोबान म्हणजे कोपऱ्यावरची छोटी पोलीस चौकी शोधा. तिथे वाट विचारायला जाणं रोजचंच आहे. पोलीस नकाशा काढून समजावतात. पोलिसांचा नंबर ११०, रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११९.